गेट एकाचं, सर्व्हर दुसऱ्याचा

कोणत्याही कारखान्यात जाऊन दोन प्रश्न विचारा. रात्री मेन गेटची किल्ली कोणाकडे असते? आणि सर्व्हरचा अॅडमिन पासवर्ड कोणाकडे असतो? पहिल्याचं उत्तर लगेच येतं, सिक्युरिटी सुपरवायझरचं नाव. दुसऱ्याचं उत्तर जरा अडखळत येतं. बहुधा ते अकाउंट्समधल्या एखाद्या मुलाचं नाव असतं, नाहीतर महिन्यातून एकदा जालन्याहून चक्कर मारणाऱ्या ‘कॉम्प्युटरवाल्या’चं. मग तिसरं विचारा: हे दोघं शेवटचे एकत्र कधी बसले होते? इथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ही पुस्तिका त्या तिसऱ्या प्रश्नासाठी लिहिली आहे.

सुलतानपूर हे लोणार तालुक्यातलं, मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. लोणारचं सरोवर बघायला निघालेली माणसं इथून वळतात. अशा ठिकाणी बसून कारखान्याच्या सायबर सुरक्षेवर कशाला लिहायचं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे: येत्या काळातले कारखाने याच पट्ट्यात उभे राहणार आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा 5 जून 2025 रोजी. 701 किलोमीटरचा हा रस्ता आपल्या जिल्ह्यात मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. रस्ता आला की गोदामं येतात, गोदामांच्या मागून प्रक्रिया उद्योग. एका अंगाला जालन्याच्या सळईच्या भट्ट्या आणि बियाणे कंपन्या, दुसऱ्या अंगाला खामगाव, मधे चिखली आणि देऊळगाव राजाकडचे उद्योग, आणि सगळीकडे विखुरलेल्या जिनिंग, डाळ मिल, तेलाच्या मिल.

जिनिंगचंच घ्या. पूर्वी जिनिंगमध्ये संगणक असलाच तर ऑफिसातल्या टॅलीचा. केंद्र सरकारने 2000 साली टेक्नॉलॉजी मिशन ऑन कॉटन सुरू केलं, त्यातून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला हात मिळाला. कापूस ओढणं, मशीनला भरणं, प्रेसचा दाब, गाठीचं वजन ही कामं एकेक करून पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकावर आली. आता गाठीवर क्यूआर कोडही लागू लागला आहे. तो स्कॅन केला की गाठ कुठल्या कारखान्यात बांधली गेली ते परदेशातल्या गिरणीवाल्यालाही कळतं. रुईच्या धुळीत, सरकीच्या ढिगाशेजारी एक अख्खं नेटवर्क उभं राहिलंय. दारावर मात्र तोच वॉचमन, तीच बॅटरी, तीच वही.

या विषयाकडे बघण्याच्या दोन जुन्या सवयी आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. मालक म्हणतो, भिंत उंच केली, कॅमेरे लावले, आता काय. संगणकवाला म्हणतो, अँटिव्हायरस टाकला, फायरवॉल लावली, आता काय. दोघंही आपापल्या परीने खरं बोलतात. नुकसान मात्र त्यांच्या मधल्या जागेतून होतं.

आपल्या राज्यातलं ठळक उदाहरण न्हावा शेवाचं, म्हणजे जेएनपीटीचं. विदर्भ-मराठवाड्याचा निर्यातीचा किती माल या बंदरातून जातो ते आपल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या हा विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत पसरला आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावा शेवाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल बंद पडलं. कुंपण कोणी ओलांडलं नव्हतं. सीआयएसएफचे जवान जागेवर होते. कुलपं शाबूत होती. तरीही कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर क्रेनवाल्याला काय उचलायचं ते कळेना आणि ट्रकवाल्याला कुठे जायचं ते कळेना. मर्स्कला पुढे सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. नेटवर्कवरच्या हल्ल्याने बंदराचं लोखंडी काम थांबवलं. पहारेकऱ्याच्या हातात त्या दिवशी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, कारण संगणक बंद पडला तर गेटवर कागदावर काम कसं चालवायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं. ऐनवेळी ते सुचत नाही.

उलट दिशेचं उदाहरणही त्याच वर्षातलं, त्याच महिन्यांतलं. जून-जुलै 2017 मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यात ठिकठिकाणी पेट्रोल पंपांवर छापे घातले. पंपाच्या आत पल्सर नावाचा एक भाग असतो. इंधन किती वाहिलं याचे विजेचे ठोके तो मोजतो आणि त्यावरून समोरच्या पडद्यावर लिटर दिसतात. या भागात आणि त्याच्या चिपमध्ये फेरफार करून ग्राहकाला कमी इंधन देणं चालू होतं. पंप बाहेरून नेहमीसारखाच दिसत होता. आकडे पळत होते, पावती मिळत होती. कोणीतरी हाताने मशीन उघडलं होतं आणि आतला हिशेब बदलला होता. याला चोरी म्हणायचं की सायबर गुन्हा? माझ्या मते हा वाद घालण्यात वेळ दवडू नये. जिथे हात पोचतो तिथे प्रोग्रॅमही पोचतो, एवढं त्यातून घ्यावं.

हे मी एवढ्या तपशिलाने सांगतोय, कारण आपल्या भागात त्याच जातीचं एक यंत्र प्रत्येक जिनिंगच्या, प्रत्येक डाळ मिलच्या दारात आहे. वजनकाटा. ऊसपट्ट्यात काटामारीवर मोर्चे निघाले, भरारी पथकं नेमली गेली. आपल्याकडे कापूस आणि सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी त्याच काट्यावर गाडी चढवतो. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली खड्ड्यात लोडसेल असतात. त्यांच्या वायरी एका जंक्शन बॉक्समध्ये येतात, तिथून एक वायर केबिनमधल्या इंडिकेटरला, तिथून संगणकाला, तिथून छापील पावती. वैधमापनचा निरीक्षक ठरलेल्या मुदतीत येतो, वजनं ठेवून काटा तपासतो, सील लावतो. पण जंक्शन बॉक्समध्ये एक छोटं सर्किट बसवून ते लांबून रिमोटने चालू-बंद करण्याचे प्रकार देशात उघडकीस आलेले आहेत. निरीक्षक आला की सर्किट बंद. गाडी आली की चालू.

आता कारखान्यात विचारा की काट्याची राखण कोणाकडे आहे. खड्डा सिक्युरिटीचा, संगणक अकाउंट्सचा, आणि मधली वायर कोणाचीच नाही. खड्ड्याचं झाकण रात्री उघडलं गेलं तर ते गेटच्या वहीत येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या गाडीचं वजन हाताने बदललं गेलं तर वॉचमनला कळायचा प्रश्नच नाही. या पुस्तिकेतलं सर्वात मोठं प्रकरण काट्यावर आहे. काहींना ते प्रमाणाबाहेर वाटेल. मला तसं वाटत नाही. वर्षभर राबून पिकवलेला माल ज्या जागी पैशात बदलतो, ती जागा कारखान्यातली सर्वात जपायची जागा आहे, आणि तिचं नुकसान झालं तर ते मालकाच्या आधी शेतकऱ्याच्या अंगावर पडतं.

दुसरी जपायची जागा म्हणजे कंट्रोल पॅनल. इथे जगातलं एक उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये सौदी अरेबियातला एक पेट्रोकेमिकल कारखाना अचानक बंद पडला. तपासात निघालं ते भयंकर होतं. हल्लेखोर दूर बसून थेट सुरक्षा-नियंत्रकांपर्यंत पोचले होते. दाब किंवा तापमान धोक्याच्या पलीकडे गेलं की प्लांट आपोआप बंद करणारी ही शेवटची यंत्रणा. माणसाचा जीव वाचवण्याचं काम तिचं. ट्रायकोनेक्स बनावटीच्या त्या नियंत्रकावर एक साधी किल्ली असते. ती ‘रन’वर ठेवली की चालू प्रोग्रॅम बदलता येत नाही, ‘प्रोग्रॅम’वर ठेवली की येतो. किल्ली ‘प्रोग्रॅम’वर राहून गेली होती. इतक्या अवघड, महिनोन्‌महिने रचलेल्या हल्ल्याला वाट मिळाली ती हाताने फिरवायच्या एका किल्लीमुळे. हल्लेखोरांच्याच प्रोग्रॅममधल्या चुकीने नियंत्रकांनी प्लांट सुरक्षितपणे बंद केला, म्हणून अनर्थ टळला.

आपल्याकडे पॅनलची अवस्था काय असते ते मी नोकरीची सगळी वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात काढल्यामुळे जवळून पाहिलं आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्या भागात पारा कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे. पॅनलमधला ड्राइव्ह तापतो आणि ट्रिप होतो. उत्पादन थांबायला नको म्हणून पॅनलची दारं सताड उघडी टाकतात आणि समोर एक टेबल फॅन लावतात. फॅनबरोबर धूळ आत जाते, ती वेगळीच. पण त्या उघड्या दारातून पीएलसीचा पोर्ट येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या हाताशी येतो: रंगारी, वेल्डर, हमालांचा मुकादम, चहावाला मुलगा. दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर पासवर्डही लिहिलेला असतो. फॅन ज्याने लावला त्याच्या मनात काही वाईट नसतं, त्याला शिफ्ट चालवायची असते. त्याला दोष देऊन काही साधत नाही. पॅनलला फिल्टरचा एक्झॉस्ट किंवा छोटा एसी देणं हाच त्यावरचा इलाज, आणि मी तो सुरक्षेचा खर्च मानतो. मेंटेनन्सच्या बजेटमध्ये तो दरवर्षी मागे पडतो.

कार्यालयातला संगणक बिघडला तर कागद जातो, पैसा जातो. पीएलसी बिघडली तर हात जातो. बॉयलरचं पाणी कमी झाल्यावर बर्नर बंद करणारा इंटरलॉक, प्रेसचं दार उघडं असताना रॅम हलू न देणारा इंटरलॉक, ही सगळी दोन-चार ओळींची कामं असतात प्रोग्रॅममधली. बाष्पके संचालनालयाचा माणूस बॉयलर बघतो, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी मशीनचे गार्ड आणि बाहेर पडायच्या वाटा बघतो. त्या दोन-चार ओळी कोणी, कधी, कोणाच्या लॅपटॉपवरून बदलल्या, याची नोंद कारखान्याने स्वतः ठेवायची असते. बहुतेक ठिकाणी ती नसते.

इथे गेटवरच्या माणसाकडे येऊ, कारण माझ्या मते या विषयाचा खरा नायक तोच आहे. महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी 1981 पासून वेगळा कायदा आहे, सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. प्रत्यक्षात लहान कारखान्यातला वॉचमन बारा तास उभा असतो आणि त्याला आत काय चालतं ते कोणी सांगत नाही. त्याची वही उघडून बघा. रकाने असतात: नाव, गाव, गाडी नंबर, कोणाकडे, आत, बाहेर, सही. ‘कोणाकडे’ या रकान्यात सकाळी पहिल्या ओळीत ‘ऑफिस’ लिहिलेलं असतं आणि खाली पानभर दोन-दोन टिंबांच्या खुणा, म्हणजे वरीलप्रमाणे. बॅग घेऊन एक तरुण येतो, “काट्याच्या सर्व्हिसला आलोय” म्हणतो, नाव लिहितो आणि आत जातो. त्याच्या बॅगेत लॅपटॉप आहे का, पेनड्राइव्ह आहे का, त्याला कोणी बोलावलं, हे वहीत कुठेच येत नाही. वॉचमनला ते विचारायचं असतं हेच कोणी सांगितलेलं नसतं. उलट एखाद्या दिवशी त्याने अडवलंच तर आतून फोन येतो, “अरे सोड ना त्याला, उशीर होतोय.” असे दोन-तीन फोन झाले की तो अडवायचं सोडून देतो. पुढच्या वेळी त्याने कोणाला थांबवलं तर आतून फोन न करता मालकाने स्वतः गेटवर जाऊन पाहावं, ही माझी सर्व कारखानदारांना कळकळीची विनंती आहे.

तोच सर्व्हिसवाला दुसऱ्या दिवशी गेटवर न येताही आत येतो. जाताना त्याने टीमव्ह्यूअर किंवा एनीडेस्क टाकलेलं असतं. “साहेब, आता लांबूनच बघून देतो, भाड्याचा खर्च वाचेल.” त्यात गैर काही नाही, खेड्यापाड्यातल्या कारखान्याला अशी मदत हवीच. पण गेटवरून आत आलेल्या माणसाला बाहेर पडताना सही करावी लागते. लांबून आत आलेला माणूस बाहेर पडला की नाही हे कोण बघतं? काम झालं की जोडणी बंद करायची, आणि पुन्हा लागेल तेव्हा गेटपाससारखीच मागणी नोंदवून उघडायची, ही पद्धत आम्ही पुढे सविस्तर मांडली आहे. तिला पैसा लागत नाही.

आपल्या इतिहासात ही समज होती. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था दिली आहे. एका गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन सारख्या मानाचे अधिकारी. तिघांनी मिळून कारभार करायचा. कोठाराचा जमाखर्च बघायला कारखानीस. पहारा, नोंद आणि साठा ही कामं वेगवेगळ्या माणसांकडे होती, पण कोणाला एकट्याने गड चालवता येत नव्हता. एक फितूर झाला तर दुसऱ्याच्या लक्षात यावं ही त्यामागची दृष्टी. आजच्या कारखान्यात कामं वाटलेली आहेत, मिळून करायचा भाग मात्र गळून गेला आहे.

मिळून करायचं म्हणजे काय, तर दोन वह्या एका टेबलावर आणायच्या. गेटची वही आणि संगणकाच्या लॉगिनची वही. रात्री सव्वादोनला ज्याच्या नावाने सर्व्हर उघडला गेला तो माणूस त्या वेळी कारखान्यात होता का? नोकरी सोडून गेलेल्याचं गेट कार्ड बंद झालं, पण ईमेल आणि पीएलसीचा पासवर्ड बदलला का? एवढं जुळवून पाहण्यातून जे सापडतं ते महागड्या यंत्रणेतून सापडत नाही.

त्यासाठी घड्याळं जुळली पाहिजेत. ही गोष्ट ऐकायला क्षुल्लक आहे. आपल्याकडे वीज जाते. डीव्हीआरमधला छोटा सेल संपलेला असला तर वीज आल्यावर कॅमेऱ्याची तारीख 1 जानेवारी 2000 पासून सुरू होते. गेटवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, बायोमेट्रिक पाच मिनिटं मागे. मग चोरी झाल्यावर पोलिसांसमोर तीन पुरावे तीन वेळा सांगतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळं राष्ट्रीय वेळेशी जुळवणं बंधनकारक केलं आहे, नोंदी 180 दिवस जपायला सांगितल्या आहेत, आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलं आहे. आपल्या भागातल्या किती उद्योजकांना हे सहा तास माहीत आहेत? 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. पुढे राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाने घातपाताची शक्यता मांडली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. एवढ्या मोठ्या यंत्रणेत जर हात की प्रोग्रॅम यावर एकमत होत नसेल, तर नोंदी नसलेल्या लहान कारखान्यात ते कसं होणार?

विजेचा आणखी एक पेच. सर्व्हर रूमच्या दाराला चुंबकी कुलूप लावलं असेल तर वीज गेल्यावर ते उघडतं, आणि ते उघडलंच पाहिजे, आग लागली तर आतला माणूस बाहेर यायला हवा. म्हणजे भारनियमनाच्या वेळेत तुमची सर्व्हर रूम उघडी असते. इलाज बॅटरी बॅकअपचा आहे, आतून मात्र दार नेहमी उघडता येईल याची खात्री करून. माणसाचा जीव आणि यंत्राची राखण यांत निवड करायची वेळ आली तर निवड काय हे आधीच ठरलेलं असावं.

कॅमेरे हाही उपाय आणि धोका दोन्ही आहे. मार्च 2021 मध्ये व्हेरकाडा या अमेरिकी कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांची चित्रं परक्यांच्या हाती गेली, त्यात टेस्लाचेही कॅमेरे होते. भारतातही एप्रिल 2025 पासून सीसीटीव्हीसाठी सुरक्षा चाचणीचे निकष लागू झाले आहेत. खरेदी करताना किमतीबरोबर तेही बघा, आणि पेटीतून आलेला मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला.

एक इशारा इथे देणं मला गरजेचं वाटतं. दोन वह्या एकत्र आल्या की कामगाराच्या हालचालीचा प्रत्येक क्षण मालकासमोर येऊ शकतो: किती वेळा बाहेर गेला, कोणाशी बोलला. सुरक्षेच्या नावाखाली हे सुरू झालं तर कामगार यंत्रणेला चुकवायला शिकतील आणि सुरक्षा तिथेच संपेल. बोटाचा ठसा एकदा चोरीला गेला तर पासवर्डसारखा बदलता येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा 2023 चा कायदा आता आहे. पण कायद्याच्या आधीही, ठसे कुठे साठवतो आणि कोण बघू शकतं हे कामगारांना सांगणं हे मालकाचं कर्तव्य होतंच.

“आमच्या एवढ्याशा मिलमध्ये कोण येणार हल्ला करायला?” हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो. कोणी तुमचं नाव घेऊन येत नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा त्याने इंग्लंडची इस्पितळंही पाडली आणि चेन्नईजवळचा रेनॉ-निसानचा कारखानाही. ज्या संगणकाचं अपडेट राहिलं होतं, तो सापडला. तुमच्या काट्याचा संगणकही त्याच रांगेत उभा आहे. पैसे गेले तर 1930 वर लगेच फोन करायचा, हे मात्र गेटवर आणि ऑफिसात दोन्हीकडे भिंतीवर लिहून ठेवा.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. वॉचमनसाठीचं प्रकरण मोठ्या अक्षरांत आणि सोप्या भाषेत वेगळं छापलं आहे, ते फाडून गेटवर लावता येईल. पण वाचायला बसण्याआधी एक काम करा. येत्या सोमवारी शिफ्ट बदलताना सिक्युरिटी सुपरवायझर आणि संगणक बघणारा मुलगा यांना समोरासमोर बसवा. एकाने गेटच्या वहीतली मागच्या आठवड्याची नावं वाचायची, दुसऱ्याने लॉगिनमधली. जी नावं एका यादीत आहेत आणि दुसरीत नाहीत ती एका कागदावर उतरवा, आणि तो कागद हातात घेऊन पहिलं प्रकरण उघडा.